गाव क्रमांक चारचे मामा

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
रविवार, १८ ऑगस्ट १९९६

आदरणीय मनोहरमामांना आणि कांचनमामींना संघमित्राचा मनापासून जयभीम.

'इंडोनेशियात एकराला भाव काय सांगू?' असं तुम्ही पत्राच्या पहिल्याच ओळीत विचारलंत. मामा, याचं उत्तर मला येत नाही. एम.ए.ला अर्थशास्त्र होतं, इथं येऊन पुन्हा दोन वर्षं तेच शिकले, घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही भुसावळ स्टेशनात मला हार घातलात (पार्सल ऑफिसातल्या टोपल्यांशेजारी ठेवल्यामुळे त्या हाराला आंब्यांचा वास होता), तरीही येत नाही. दुसरी गोष्ट तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलीत. सोबत हक्कसोडीचा कागद आहे, फुली मारली आहे तिथं सही करून उलट टपाली पाठव, जमीन घेणारा पेट्रोलपंपवाला थांबत नाही. आजोबांच्या अडीच एकरांतला आईचा वाटा, जो ती गेल्यापासून माझा आहे, तो मी तुमच्या नावे सोडायचा, एवढाच त्याचा अर्थ. त्याबद्दल खाली लिहिते. सध्या कागद टेबलावर आहे आणि पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर शब्दकोश ठेवला आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता की नुसतं मामींना 'लावलं' म्हणून सांगता? मामींची साखर उतरली का? मी ठीक आहे. ज्यांच्या घरी खोली घेऊन राहते ते अतुलदादा आणि नंदावहिनी मला सांभाळून घेतात. फक्त मी भाकरी थापते तेव्हा धुराचा भोंगा वाजतो आणि अतुलदादा स्टुलावर चढून त्याला टॉवेलनं वारा घालतात. या देशात भाकरीची खबर आधी भोंग्याला लागते.

आता मूळ प्रकरण, म्हणजे तुम्ही इंडोनेशियातले जमीनदार कसे झालात ते. मी जिथं काम करते ते ऑफिस गावोगावच्या पाहण्यांवरून अहवाल लिहितं. जानेवारीत माझ्या टेबलावर तीन खोकी आली. सुमात्रा बेटाच्या डोंगरातल्या एका गावाचे भरलेले फॉर्म. त्या गावचं जीवन, अर्थव्यवस्था आणि जमिनीचं भवितव्य यांवर मी साठ पानं लिहायची होती. मी इंडोनेशियाला गेलेले नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे (इथं कोणालाच पटत नाही). गावाचं नाव बाहेर सांगायचं नाही असा ऑफिसचा नियम आहे, म्हणून आम्ही त्याला गाव क्रमांक चार म्हणतो. मामा, एखाद्या गावाचं नाव सांगायचं नाही म्हटल्यावर मराठी माणसाला तिथं किती जागा घ्यावीशी वाटते, हे मला अर्थशास्त्रात कुणी शिकवलं नव्हतं.

गाव छान आहे. म्हैस शिंगं उगारून उभी राहावी तशी घरांची छपरं आहेत. खाली भात, वर कॉफी आणि दालचिनी. दालचिनीचं झाड दहा-बारा वर्षं वाढवायचं, मग साल काढायची, म्हणजे तिथं पोरगी जन्मली की झाड लावतात आणि दोघी बरोबरच मोठ्या होतात (हे एका फॉर्ममध्ये एका आजीनं सांगितलं आहे, बाकीच्यांनी तसं काही म्हटलेलं नाही, तरी मी अहवालात घातलं). तरुण पुरुष कमवायला शहरात जातात. लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी पाहुण्यासारखा राहतो. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा अतुलदादा म्हणाले, ''मग न्यू जर्सीत वेगळं काय आहे?'' वहिनींनी त्यांना दुसरी पोळी वाढली नाही.

आणि जमीन बायकांची. आईकडून लेकीकडे जाते. पण तिची व्यवस्था बघतो आईचा भाऊ. एकशे बारा फॉर्मांत मी एक प्रश्न तपासला, जमिनीचा व्यवहार करण्याआधी कोणाला विचारता? शंभराहून जास्त जणांनी एकच शब्द लिहिला होता, मामक. शब्दकोशात पाहिलं तर मामक म्हणजे आईचा भाऊ. मी ऑफिसात एकटीच हसले. कोणाला सांगणार?

चौदा एप्रिलला सांगितलं. यंदा जयंती रविवारीच आली, म्हणून इथल्या शाळेचं कॅन्टीन भाड्यानं घेतलं होतं. व्हर्जिनियातल्या हर्नडनहून अनुप आला होता (कॉम्प्युटरवाला, नागपूरचा, बोलताना हात एवढे हलवतो की शेजारच्याची डाळ सांडते). नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलहून भावनाताई नऊ तास ड्राइव्ह करून आल्या होत्या. वंदना झाली, भाषणं झाली, जेवताना अनुपनं विचारलं की तू नेमकं काय काम करतेस. मी मनापासून सांगायला लागले. गाव, दालचिनी, छपरं. जमिनीपाशी आले तेव्हा म्हणाले की तिकडची सगळी जमीन मामाच्या हातात असते, मामाशी बोलल्याशिवाय कोणी पुढे जाऊ शकत नाही.

मी मामाऐवजी 'मामक' म्हणाले असते तर आज हे पत्र दोन ओळींचं झालं असतं.

अनुपनं चमचा खाली ठेवला. ''मामा कुठं असतात?''

मी म्हणाले, ''भुसावळला.'' मला वाटलं, तो तुमची चौकशी करतोय.

त्या क्षणी फक्त अतुलदादांच्या नीनाला शंका आली. ती अकरा वर्षांची, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते, आणि मामा म्हणजे मम्मी असंच धरून चालते. ती म्हणाली, ''सो द मॉम ओन्स द लँड? कूल.'' त्या कॅन्टीनमध्ये चाळीस माणसांत गाव क्रमांक चारची मालकी बरोबर समजलेली ती एकटी. तिला सगळ्यांनी आइस्क्रीम देऊन बाहेर पाठवलं.

पुढच्या महिन्यात मला कळलं की अनुपनं भुसावळचा पत्ता नंदावहिनींकडून घेतला आहे. मी घाबरले आणि नेहमीप्रमाणे सत्याचा मार्ग धरला. एक पानाचं निवेदन लिहिलं, ऑफिसात विचारून चाळीस प्रती काढल्या आणि सगळ्यांना टपालानं धाडल्या. वर तीन मथळे होते, जीवन, अर्थव्यवस्था, जमीन. खाली स्पष्ट लिहिलं की इथली जमीन पिढ्यान्‌पिढ्या कोणी विकलेली नाही, ती मायलेकींची आहे, मामा फक्त राखण करतो. अनुपचा लगेच फोन आला. ''वाचलं यार, एकदम प्रोफेशनल ब्रोशर आहे. पिढ्यान्‌पिढ्या विकलेली नाही म्हणजे टायटल क्लिअर. आणि लेडीजच्या नावावर लागते, तर हर्षिताच्या नावावर बुक करतो, नो प्रॉब्लेम.'' हर्षिता त्याची बायको. मी म्हणाले की अरे, माझ्या मामांचा त्या गावाशी काही संबंध नाही. तो समजूतदारपणे म्हणाला, ''घरचं माणूस असंच बोलणार.''

इथपर्यंत चूक माझी. पण मामा, इथून पुढची तुमची आहे. तुम्हाला भाव विचारणारी सात पत्रं आली. 'मी तो नव्हे' एवढे तीन शब्द लिहायचे होते. तुम्ही सातही जणांना कळवलंत, 'आपले पत्र पोहोचले. प्रकरण विचाराधीन आहे.' पस्तीस वर्षं पार्सल ऑफिसात हरवलेल्या खोक्यांना तुम्ही हेच उत्तर देत होतात, हे यांना काय ठाऊक. अनुप ते पत्र पाकिटात घालून फिरतो. म्हणतो, माणूस पक्का आहे, भाव फोडत नाही. भावनाताईंनी तुम्हाला टॉर्च पाठवली आणि ती 'उत्तम चालते' असं तुम्ही मला लिहिता. मामा, ती परत करायला हवी. निदान बॅटरी तरी.

आता तो कागद. गेल्या सोमवारी मी अहवालाचं शेवटचं प्रकरण संपवलं. आमच्या ऑफिसला हा अहवाल करायला सांगणाऱ्यांना तिथं हॉटेल बांधायचं आहे, आणि साहेबांची इच्छा होती की जमीन 'योग्य चर्चेनंतर मिळू शकेल' असं लिहावं. मी लिहिलं की मिळणार नाही, कारण जो बोलतो त्याला विकायचा अधिकार नाही आणि जिला अधिकार आहे तिला कोणी विचारलेलं नाही. साहेबांनी दोनदा वाचलं आणि ठेवलं. मी घरी आले, शब्दकोश उचलला, खाली तुमचा कागद. त्यावर फुली.

आईनं विचार केला नसता. तिला सही येत नव्हती, तिनं अंगठा दिला असता, तुम्ही दिलेली साडी नेसली असती, आणि शेजारणींना सांगितलं असतं की माझा भाऊ किती चांगला. तुम्ही चांगलेच आहात. शाळेत माझं नाव घालताना मास्तरांशी तुम्हीच भांडलात. पण मामा, तुम्ही मला सही करायला शिकवलंत ते ती वाचून करावी म्हणून. मी कागद वाचला. त्यात लिहिलं आहे की माझा हक्क मी 'स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय' सोडत आहे. पेट्रोलपंपवाला थांबत नाही, हा दबाव धरायचा की नाही, हे कोणत्याच शब्दकोशात नाही.

रागावू नका. रागावलात तरी गुडघ्याला तेल लावा.

तुमची भाची,
संघमित्रा

ता.क. मामींना सांगा, त्यांनी मागितलेली सुई-दोऱ्याची डबी मिळाली आहे, पाठवते.

ता.क. अनुप डिसेंबरात नागपूरला येतोय आणि वाटेत भुसावळला उतरणार आहे, फक्त तुम्हाला भेटायला. व्हिडिओ कॅमेरा घेऊन येईल. त्याला झुलवत ठेवू नका, खरं काय ते सांगा. मग जेवू घाला, शेवभाजी चालेल, आणि आपली वरणगावच्या रस्त्यावरची अडीच एकर दाखवा, म्हणजे मामाच्या हातातली जमीन कशी असते ते त्याला कळेल. त्यानं तिचा भाव विचारलाच, तर म्हणा की भाचीला विचारावं लागेल.

ता.क. खरी विनंती ही, की माझा वाटा तुम्हीच कसत राहा, ज्वारी नेहमीप्रमाणे तुमच्याच घरी जाऊ दे. तुमच्याइतकी त्या मातीची माहिती कोणाला नाही. फक्त विकायला काढू नका. हे मी परवानगी म्हणून मागत नाही, कळवते आहे. वारस म्हणून सातबाऱ्यावर माझं नाव लावण्याचा अर्ज मी गेल्या मंगळवारी रजिस्टर पोस्टानं तलाठ्यांकडे पाठवला, आणि त्याची एक प्रत तुम्हालाही. पोस्टमन आला की त्याच्या वहीत सही करून पाकीट घ्या.