बर्फ पडण्याआधी चार भिंती

७ सप्टेंबर, सकाळी ६
बाबा आता गावातल्या फ्लॅटमध्ये राहतात. शेतावरच्या घरात मी एकटी. काल त्यांनी अट घातली. पहिल्या बर्फाआधी चारही भिंतींचं साइडिंग, म्हणजे बाहेरून ठोकलेल्या फळ्या, बदललंस तर घर तुझं. नाहीतर सगळं शेजारच्या वर्लिनकाकांना विकणार. काकांना फक्त जमीन हवी आहे. घर पाडून मका लावतील.
मिनेसोटात बर्फाला अजून दीड महिना आहे. आठवड्याला एक भिंत. उरलेल्या वेळात पडदे शिवीन.

१० सप्टेंबर
उत्तरेकडच्या जुन्या फळ्या उपटल्या. फार मजा आली. इतकी मजा येणं बरोबर नसावं. हात बसलाच होता म्हणून पश्चिमेकडच्याही काढल्या.

१३ सप्टेंबर
वर्लिनकाका आले. म्हणाले, पोरी, शनिवारी मी आणि मुलं येतो मदतीला. मी म्हटलं, छे, कशाला त्रास. ते म्हणाले, अगं, त्रास कसला, येतो ना. मी म्हटलं, जमेल मला. तिसऱ्यांदा विचारल्यावरच हो म्हणायचं, हे आमच्याकडे तान्ह्या मुलालाही कळतं. त्याआधी म्हणणं हावरटपणा. काका म्हणाले, बरं, मग आम्ही सोयाबीन काढून घेतो. आणि गेले.
शनिवारी विचारतील.

शनिवार
दोनदा कॉफी केली. काका शेतात होते. नुसतं बसून राहणं पाप, म्हणून दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या फळ्या काढल्या. आता घराला फक्त फळ्यांखालचा काळा डांबरी कागद आहे. अर्धं काम झालं म्हणायचं.

२ ऑक्टोबर, सकाळी ७. हात गारठलेत.
फळ्यांच्या जागी लावायच्या विनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, नव्या पट्ट्या उशिरा आल्या. सोबतच्या पत्रकात लिहिलंय, खिळा घट्ट ठोकू नका, जरा सैल ठेवा. आळशी लोकांसाठी लिहिलं असावं. माझी सगळी शाळा आईनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतली. अर्धवट उत्तराला ती शून्य द्यायची. मी प्रत्येक खिळा डोकं रुतेपर्यंत ठोकला.

६ ऑक्टोबर, दुपारी २
उत्तरेची भिंत पूर्ण! चार दिवसांत!
त्यानंतर कडक ऊन पडलं. पट्ट्या फुगल्या. भिंत तळ्यावरच्या लाटांसारखी दिसते. काकांनी पिकअप थांबवून विचारलं, अगं, भिंतीला दिवस गेलेत का? उन्हात विनाइल वाढतं, पोरी, त्याला हलायला जागा लागते. मी म्हटलं, थंडी पडली की बसेल.

९ ऑक्टोबर
थंडी पडली. पट्ट्या बसल्या नाहीत, खिळ्यांपाशी तडकल्या. एक ओळ उचकटून पुन्हा लावली. ती सरळ आहे. जवळजवळ.

१९ ऑक्टोबर
बाबा आले. भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, वेगळं झालंय. आमच्या भागात याहून वाईट कोणी बोलत नाही. पण बाबांचा सूर कौतुकाचा वाटला. कॉफी तीनदा विचारली. तिन्ही वेळा नको म्हणाले.

२४ ऑक्टोबर, सकाळी ५.४०
बर्फ. जेमतेम इंचभर. असला मोजत नसावेत.

२६ ऑक्टोबर
मोजतात. बाबांनी काल विक्रीच्या कागदावर सही केली.
वर्लिनकाका टोपी हातात घेऊन दारात उभे. म्हणाले, वाईट वाटतंय गं. मग घराभोवती एक फेरी मारून आले. म्हणाले, पण फळ्या काय सफाईनं काढल्यास! पाडायचं निम्मं काम झालंच आहे. माझ्या पोरांना असं जमायचं नाही. उरलेलं करशील?
कौतुक ऐकून लाजले. करीन म्हटलं. फक्त माझी खोली शेवटी घ्यायची.