कॉइलचा मागचा पाय

बीरगांव, रविवार

प्रिय गुलाब,

कुत्री फुकट मिळाली, असं मी गावभर सांगत फिरलो. खरा हिशेब तुला सांगतो: वनमालाच्या नव्या चपला, सोफ्याचा एक हात, माझी दुपारची झोप आणि कालपासून घरातलं बोलणं. गुढियारीत आपली खोली होती ना, तिच्यामागे मालधक्क्यापाशी एकटीच कुंईकुंई करून राहिली होती. मले राहवलं नाही. शर्टात घालून आणली. झोपली की तांब्याच्या तारेसारखी गुंडाळून झोपते, म्हणून नाव कॉइल. अजून पिल्लूच आहे, दातही पुरते बदलले नाहीत.

धंदा बरा आहे. उरला या औद्योगिक भागातल्या कारखान्यांच्या जळक्या मोटरी अजून माझ्याकडेच येतात. पोट्टे मीटर लावत बसतात. मी चालत्या मोटरीला पेचकसाचं टोक टेकवतो, मूठ कानाशी धरतो आणि कोणतं बेरिंग जायला आलंय ते सांगून मोकळा होतो. तू हसशील, पण माणसांचंही तसंच झालंय. गिऱ्हाईक नुसतं नमस्कार म्हणालं, की त्याच्या पोटात काय आहे ते मले ऐकू येते. हे कान आजवर चुकले नाहीत.

शुक्रवारी दुकानासमोर एक स्कूटी कॉइलच्या मागच्या पायावरून गेली. एवढ्या ट्रकांच्या घरघरीतही हाड मोडल्याचा आवाज वेगळा आला. उचलून बाकावर घेतली आणि हाताला जे येतं ते केलं. मोटरीच्या खाचांत ठोकतो त्या बांबूच्या पट्ट्या दोन्ही अंगांनी लावल्या आणि वरून सुती फीत, वाइंडिंग बांधतो तशी, गच्च. एक वेढा सैल नाही. बघणारे म्हणाले, वा बाबाराव भैया! मीही खूश. ती कण्हत राहिली; मला वाटलं, हाड बसून राहिलं. काल सकाळी वनमालानं पंजा धरला तर थंडगार, सुजून काळा पडलेला. म्हणाली, काहून एवढं आवळलं हो? मोटर होय का ते? तारेतून रक्त वाहत नाही, तिच्यातून वाहते.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण पोट्टीच आहे. आधी तिनं फीत कापली. मग विचारलं, भैया, ये किसने बांधा? मी म्हणालो, मीच. पुढे तिनं रागावायला हवं होतं. ती मऊपणे बोलली, ते जास्त लागलं. पाय वाचवायचा तर चिरून हाडाला स्टीलची पट्टी बसवायची. पंजात जीव परतला तर ठीक, नाही तर पुन्हा चिरायचं, पुन्हा टाके, आणि एवढं सोसूनही पाय जाऊ शकतो. आत्ताच काढला तर थोड्याच दिवसांत तीन पायांवर धावेल. मंगळवारपर्यंत सांगा म्हणाली.

वनमाला एवढंच म्हणते, वाचवा. तिला कुत्रीपेक्षा माझी काळजी आहे. तीन पायांची पोर रोज माझ्यासमोरून जाईल, ते मला बघवणार नाही, हे तिला ठाऊक आहे. मलाही पाय वाचवायचाच आहे. म्हणूनच माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही.

हे फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू थट्टा करतोस आणि मी हसतो. म्हणून उद्याच्या गाडीनं गोंदियाला येणाऱ्या तुळशीरामच्या हाती ही चिठ्ठी देतोय. रोलिंग मिलमधून तुला दवाखान्यात आणलं, त्याच दिवशी डॉक्टर पाय काढू म्हणाले होते. तू शुद्धीत नव्हतास. तुझ्या बाबांनी नाही म्हटलं. मग सळया, पू, परत टाके, दोन वर्षं खाट, आणि शेवटी काढलाच. गुलाब, पहिल्याच दिवशी काढला असता तर बरं झालं असतं का? की पाय आहे या आशेवरची ती दोन वर्षं तुला हवीच होती? तिला विचारता येत नाही, म्हणून तुले विचारतो. खरं ते सांग, तुळशीराम उत्तरासाठी थांबेल. तेव्हा रोज डबा घेऊन तुझ्या उशाशी बसलो, आता दर रविवारी फोनवर तुझा आवाज ऐकतो. तुला किती दुखत होतं, ते मले एकदाही ऐकू आलं नाही.

तुझाच,
बाबाराव