निरोगी क्रमांक सात

३ जानेवारी
आजपासून रोज लिहिणार. साखर बंद. बिस्किटं चालतील, ती मैद्यात मोडतात.

लॅबमध्ये नवं काम सुरू. सगळ्याच लठ्ठ माणसांना मधुमेह होत नाही. काहींनाच का होतो, हे रक्तातल्या प्रोटीनांवरून शोधायचं. माझा संशय एकाच प्रोटीनवर आहे. चरबीतून निघतं, रक्तातून फिरत येतं आणि पेशीत ठाण मांडून बसतं. मग इन्सुलिन दार वाजवत राहतं आणि हे आतून कडी लावून बसतं. मी त्याचं नाव ठेवलं जावई. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, म्हणाल्या की नाव बदला. बदललं नाही.

६ जानेवारी
आमच्या लॅबची जुनी रीत: आजारी रक्त दवाखान्यातून, निरोगी रक्त घरचं. घरचं म्हणजे आमचंच. मीही बाही वर केली. रक्त काढणाऱ्या सिस्टरने विचारलं, शुगर कधी तपासली होती? म्हटलं, तपासावी असं कधी काही झालंच नाही. मग वजनाकडे बघून ती नुसतं हं म्हणाली. म्हटलं, हाडं जड आहेत. तिने नळीवर चिठ्ठी लावली: निरोगी, क्रमांक सात.

७ जानेवारी
ही म्हणाली, लॅबला नळीभर रक्त देऊन आलात, मग घरच्या डॉक्टरला एक थेंब द्यायला काय जातं तुमचं? बाबांचा पाय कसा गेला ते विसरलात का? म्हटलं, बाबांच्या वेळी प्रोटीनवर संशोधन नव्हतं. ताटं उचलून आत गेली. पटलं असावं.

१९ जानेवारी
रोज संध्याकाळी फिरायला जायचं ठरवलं. त्यासाठी नवे बूट आणले. घट्ट आहेत. आधी ते पायाला सरावू देत, मग फिरणं. तोवर लॅबला घालून जातो.

२ फेब्रुवारी
निकाल आला. रुग्णांमध्ये जावई भरपूर, निरोगी लोकांत औषधालाही नाही. मी म्हणत होतो तेच. फक्त सात नंबर रुग्णांच्या घोळक्यात जाऊन बसलाय. मशीनवाल्याला म्हटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. हा आमचा मशीन चालवणारा, जन्माने खवचट. म्हणाला, नळी बरोबर आहे साहेब, आतला माल बघा.

५ फेब्रुवारी
पुन्हा चालवलं. तेच. मशीन धुऊन चालवलं. तेच. जावयाच्या बाबतीत सात नंबरने सगळ्या रुग्णांना मागे टाकलंय. शाळेपासून आजवर कशात पहिला आलो नव्हतो.

११ फेब्रुवारी, सकाळी
दाढी करताना डोक्यात लख्ख उजेड पडला. सात नंबरात जावई आहे. सात नंबर निरोगी आहे. म्हणजे जावयाला वठणीवर आणणारं दुसरं एखादं प्रोटीन सात नंबरात असलंच पाहिजे. मधुमेहावरचा उपाय माझ्या अंगात फिरतोय आणि जगाला पत्ता नाही. या प्रोटीनचं नाव सासरेबुवा.

नाश्त्याला केकचे दोन तुकडे. सासरेबुवांना कामाला लावल्याशिवाय ते सापडणार कसे?

२० फेब्रुवारी
मोठ्या बाईंना सगळं समजावलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, आधी सात नंबरची शुगर तपासा. म्हटलं, तपासली आणि जास्त निघाली, तर तो निरोगी राहणार नाही आणि सगळा शोधच बुडेल. त्या म्हणाल्या, अहो, मी तरी दुसरं काय सांगतेय? आमचं एकमत झालं, बरं वाटलं.

८ मार्च
तहान फार लागते. लॅबमधला एसी हवा कोरडी करतो. प्यायलेलं पाणी बाहेर जाणारच, त्यात ही माझ्या रात्रीच्या खेपा काय मोजते कळत नाही. प्रिंटरही बिघडलाय, सगळे आलेख अंधुक येतात. मशीनवाला म्हणाला, मला तर स्वच्छ दिसतात. त्याला काय, उलट बोलायला निमित्तच हवं असतं.

१७ मार्च
बूट अखेर पायाला सरावले. घातलेत की नाही हेसुद्धा कळत नाही. उद्यापासून फिरायला.

रात्रीची भर: हिने मोजा धुताना रक्ताचा डाग दाखवला. म्हटलं, दुखत नाही, म्हणजे काही नाही. ती म्हणाली, बाबांनाही दुखत नव्हतं. फिरणं पुढे ढकललं.

२ एप्रिल
सासरेबुवा सापडत नाहीत. सात नंबरातलं प्रत्येक प्रोटीन पालथं घातलं. सगळी ओळखीची, सगळी निरुपयोगी. स्वभावाने भिडस्त असावेत, लपून काम करत असतील.

ही रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन माझ्या पायाशी बसते. आता डॉक्टरचं नावही काढत नाही. तिलाही संशोधनाची गोडी लागली असावी.

१४ एप्रिल
तीन ओळीच लिहितो. लॅबमध्ये थंडी वाजून कोसळलो. मशीनवाल्याने उचलून दवाखान्यात आणलं. वाटेत एकदाही टोमणा मारला नाही, तेव्हा जरा घाबरलो.

१५ एप्रिल
शुगर तपासली. आकडा ऐकून सिस्टरने परत सुई टोचली. तोच आला. डॉक्टर पोरगेलासा आहे. विचारत होता, काका, किती वर्षं आहे? म्हटलं, मी निरोगी क्रमांक सात. त्याला वाटलं तापात बरळतोय. म्हणाला, काका, अंगठा काळा पडलाय, ठेवता येणार नाही.

१७ एप्रिल
अंगठा काढला. तो गेल्याचंही कळलं नाही. हिला म्हटलं, बघ, काही त्रास झाला नाही. ही खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

२३ एप्रिल, दुपारी
मोठ्या बाई भेटायला आल्या. सात नंबर त्यांनी निरोगींमधून काढून रुग्णांत टाकला. निकाल आता आरशासारखा स्वच्छ आलाय. जावईच गुन्हेगार, माझा संशय खरा निघाला. शोधनिबंध छापायला गेला. विचारलं, माझं नाव कितवं? बाई जरा चाचरल्या. म्हणाल्या, आता तुम्ही रुग्णांत आहात, निबंधात दोन्हीकडे कसं राहता येईल? आणि रुग्णांची नावं आपण छापत नाही. बरोबर आहे. तो नियम मीच केला होता.

मग विचारलं, जावयावर औषध कधी निघेल? म्हणाल्या, सगळं नीट झालं तर दहा-पंधरा वर्षांत.

त्या गेल्यावर डॉक्टर आला. पट्टी सोडून पाय बघितला. जखम वर सरकतेय म्हणाला. घोट्याखालचा पाय ठेवायचा की नाही, ते शुक्रवारी ठरवू.

हिला विचारलं, आज वार कोणता?

म्हणाली, गुरुवार.