फळीखालची फट

३ एप्रिल
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बोर्डिंगातली आपली खिडकी आठवते का गं? प्रार्थना झाली की सिस्टर पेटती मेणबत्ती चौकटीवरून फिरवायच्या. ज्योत हलली, की तिथे चिंधी. कोंबायचं काम माझं. आणि तू गुदमरतंय म्हणत हळूच एक उपसायचीस. सकाळी बोलणी मात्र मला.

आज तेवढीच चिडले आहे. सुताराने नव्या स्वयंपाकघरात फ्रिज कपाटात बसवला. बाहेरून दारांची अशी सुरेख रांग, की फ्रिज कुठला ते कळू नये. आत मात्र आनंद! बर्फाचं दुपारपर्यंत पाणी होतं, दूध नासतं, मोटर घटकाभर थांबत नाही. मेकॅनिक दोनदा आला, मशीन ठणठणीत आहे म्हणाला, चहा पिऊन गेला. सुताराला मी फोनवर चांगलं फैलावर घेतलं.

त्यात यांची साखर तीनशेच्या खाली येईना. इन्सुलिन मी स्वतः टोचते, तरी! चोरून खात असणार, दुसरं काय? बिस्किटांच्या कपाटाला कुलूप घातलंय, किल्ली माझ्या कमरेला. हे शपथा घेतात. चाळीस वर्षांत माझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते, त्याचंच जास्त लागतं.

लोभ आहेच, या महिन्यात जरा जास्तच लागेल.
तुझी,
ताई

९ एप्रिल
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून सकाळी फोन केला, इन्सुलिनची बाटली बदल म्हटलं. तू हो म्हणालीस, पण तुझं हो मला ठाऊक आहे, म्हणून कारण लिहिते. औषधांच्या दुकानात तीस वर्षं उभी राहिले मी. ज्या फ्रिजात दूध नासतं, त्यात इन्सुलिन कसं टिकेल? उष्णतेने त्यातला जोर गेला, की पाणी टोचल्यासारखंच. भावजी बिचारे निर्दोष असतील गं! नवी बाटली शेजारणीकडे ठेव.

आता फ्रिजचं. आतली उष्णता तो बाहेर टाकतो. कपाटात कोंडला तर टाकणार कुठे? खाली हवा शिरायला फट हवी, पाठीमागे मोकळी जागा, वर गरम हवेला वाट. गुडघे दुखतात, माहीत आहे. तरी वाक आणि तळाच्या फळीखाली बघ. सुताराला नंतर झाड.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
धाकटी

१५ एप्रिल
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

वाकले. फट होती, चांगली हातभर लांब, जाळी लावलेली. आणि तिच्यात माझ्याच हातची वळकटी, जुन्या चादरीची, नीट टाके घातलेली. झुरळं शिरतील म्हणून सुतार गेला त्याच संध्याकाळी मी कोंबली होती. वर पत्र्याचे डबे, पार छतापर्यंत. मागची फळी इस्त्रीसारखी तापलेली, कडेने काळवंडलेली. आणखी महिनाभर राहिलं असतं तर काय झालं असतं, तो विचारही नको. सुतार म्हणाला, फट बुजवू नका असं त्याने मला दोनदा बजावलं होतं. बजावलं होतं. मी मान डोलावली होती.

आता बर्फ जमतो. यांची साखर एकशे साठवर आली. यांनी आकडा वाचला, चष्मा पुसला आणि पेपर उघडला. भांडले असते तर बरं झालं असतं गं.

अशा बहिणीवरही लोभ ठेव.
तुझी,
ताई

ता. क. वरचे डबे उतरवले. दोन मोठे तुला. लहान शेजारणीला, बाटली सांभाळली म्हणून. झाकणावर गुलाब असलेला सुताराला, आत माझ्या हातची बिस्किटं आणि माफीची चिठ्ठी. वळकटीही तुलाच पाठवते. उसव, उपसायची सवय तुझीच. कुलपाची किल्ली यांना. ती अजून माझ्या कमरेलाच आहे. हे पत्र पेटीत टाकून आले, की देते.