टरफलासकट

ता. ४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. आधी शिव्या घालून घे, मग वाच. मी नोकरी बदललीय. हो, वर्षातली तिसरी. बाबा म्हणाले, हिच्या पायाला भिंगरी नाही, ही स्वतःच भिंगरी आहे. आता मी कॅप्सूलच्या कारखान्यात आहे. औषध नाही गं, नुसती रिकामी टरफलं. कोमट रसात यंत्राची लोखंडी बोटं बुडतात, वर येतात, फिरतात, वाळतात, आणि टरफलं पट्ट्यावर पडतात. तडा गेलेली निवडायची, हे माझं काम. डोळे मिटले तरी टरफलंच दिसतात.

मागच्या पत्रात फार छळलंस मला. दूध नाही, लोणी नाही, मधसुद्धा नाही, मग काय वारा खातेस का, म्हणे! वासराच्या वाटचं दूध चहात ओतणाऱ्या बाईने बोलू नये. आणि तुझी ती हृदयाची लाल-पांढरी कॅप्सूल? तिचं टरफल कशाचं असतं माहितीय? जनावरांची हाडं आणि कातडी उकळून करतात, जिलेटिन. अकरा वर्षं गिळतेयस. आता बोल!

ऐकू येत नाही म्हणून फोन उचलत नाहीस, निदान उत्तर तरी लगेच टाक. आतोबांना नमस्कार. लोभ आहेच, तो भांडणासकट असू दे.

तुझी,
भिंगरी

ता. ११ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आ.

तुझं पत्र शिलाई मशीनवर बसूनच वाचलं. क्लासमधल्या पोरी खुणांनी विचारायला लागल्या, बाई, मशीन का थांबलं. मी बिस्किटाचा पुडासुद्धा मागचं बारीक वाचून घेणारी. आतोबांच्या मासळीची कढई वेगळी, घासणी वेगळी. चाळीस वर्षं ते हसतात आणि मी ऐकत नाही. आता तर खरंच ऐकू येत नाही. आणि तीच मी रोज सकाळी हाडं गिळत होते. डॉक्टरांनी जेवलात का एवढं विचारलं, काय खात नाही ते कधी विचारलं नाही.

पण काळजी करू नकोस, मी तोड काढलीय. टरफल उघडते, आतले बारीक दाणे खलात घालून छान पूड करते आणि केळ्याला लावून खाते. टरफल कचऱ्यात. कडू लागतं, पण मन स्वच्छ. तीन दिवस जरा गरगरतंय, ऊन वाढलंय ना. परवा दोरा ओवायला गेले तर सुया दोन दिसल्या.

ही नोकरी तरी टिकव. जेवत जा, आणि आम्हा म्हाताऱ्यांची आठवण ठेव.

तुझी आत्या

ता. १३ मार्च

आत्या,

सा. न. वगैरे नंतर. कुटू नकोस! ते दाणे हळूहळू, दिवसभर विरघळावेत म्हणून तसे केलेले असतात. कुटलेस की दिवसभराचं औषध एका घासात. ऊन नाही ते! मी इथे कारखान्यात चौकशी केलीय. तुझ्या औषधाच्या कंपनीची टरफलं वनस्पतीची असतात. मी तेव्हा उगाच जीभ चालवली. टरफलासकट गिळ, आणि आजच डॉक्टरांना दाखव. आतोबांचा फोन लागत नाहीय, म्हणून कुरियरने पाठवतेय. आतोबा, तुम्ही समोर बसा.

भिंगरी

ता. १९ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. तुझं कुरियर दुपारी आलं. त्या दिवशी सकाळी ती मशीन आणि इस्त्रीच्या टेबलामध्ये पडली होती. दोन दिवस दवाखान्यात काढले. आता बरी आहे, अख्खी कॅप्सूल घेते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आमच्या भिंगरीने स्वतः चौकशी केलीय. डॉक्टरांनाही सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मी छताकडे.

खरंच केली होतीस का चौकशी? तिला नको, मला सांग. लोभ आहे तोवर विचारून घेतो.

आतोबा

ता. २४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

केली नव्हती. घाबरले आणि लिहून टाकलं. विचारलं ते काल. आमचा पाळीप्रमुख म्हणाला, त्या कंपनीला माल आपलाच जातो, जिलेटिनचा. म्हणजे तुझी टरफलं कदाचित मीच निवडते, आत्या. आतोबांनी तुला सांगू नको म्हटलंय. पण माझं नाव घेऊन तू सगळ्यांना सांगत सुटलीस, ते मला झेपेना. पट्ट्यासमोर उभी राहते आणि तडे दिसतच नाहीत.

मला हवं ते बोल. पण औषध थांबवू नकोस. लोभ ठेव म्हणायची आज हिंमत नाही.

भिंगरी

ता. ३१ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आ.

तुझं पत्र सकाळीच आलं, त्या दिवशी मी मशीनला हात लावला नाही. आतोबांना वाढलंही नाही, तेही तुलाच सामील! त्या दिवशी औषधही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरांकडे गेले, एकटी. माझं म्हणणं कागदावर लिहून नेलं. त्यांनी वाचलं आणि उत्तरही कागदावरच लिहिलं. याच्या जागी गोळी देता येईल, पण ती मागवून, मात्रा बसवून पंधरा दिवस जातील. तोवर कॅप्सूल एक दिवसही चुकवायची नाही. गोळीत दुधाची साखर असते म्हणे. तुला चालणार नाही, मला चालते.

तुझ्या खोट्यामुळे मी उभी आहे, एवढं मला कळतं. तरी पुन्हा असं करू नकोस. मला काय गिळावं लागतंय, ते मला माहीत असू दे. मग मी गिळीन.

त्याच सकाळी घरी येऊन कॅप्सूल घेतली, टरफलासकट. आतोबा समोर येऊन बसले होते, त्यांना बाहेर घालवलं. वाटलं होतं, ओकारी येईल. काही झालं नाही. पाण्याबरोबर सरळ खाली गेली, नेहमीसारखी. तेच फार लागलंय मनाला.

लोभ तसाच आहे, सध्या जरा दुखतोय.

तुझी आत्या