आरशातली चांदणी

नाशिक, मंगळवार, ४ डिसेंबर १९७९. संध्याकाळ.

उद्या मानसशास्त्राचं जर्नल द्यायचंय आणि माझा आलेख सपाट आलाय! आरशात बघून कागदावरची चांदणी गिरवायची, असा प्रयोग. पहिल्या खेपेला माणूस हमखास चुकतो, मग हळूहळू सुधारतो. ती सुधारणा आलेखात दाखवायची. अण्णांना बसवलं. आधी घाबरलेच. "वेडबीड ठरवणार नाहीस ना मला?" आणि पहिल्याच खेपेला चांदणी पूर्ण, एकही चूक नाही! दहाही वेळा तेच. कागदावर फक्त त्यांच्या अंगठ्याचा शाईचा डाग.

तो डाग बघितला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. छापखान्यात अक्षरांचे उलटे खिळे जुळवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या माझ्या वडिलांनाच मी आरशापुढे बसवलं. मानसशास्त्र शिकतेय म्हणे मी!

शेजारच्या काकूंना बसवून चुका मिळवाव्यात का? नकोच. आहे ते देणार, डागासकट.

प्रयोगात काय वाटलं, तेही विचारून लिहायचं असतं. अण्णा लाजत म्हणाले, "लिही, सातवीत शाळा सुटली, त्यानंतर आजच परीक्षेला बसलो." मग हळूच, "पास ना गं?"