कुरवंड्याचा ठिपका

भाऊ,

आज कॉलेजात मी पोरांचं संख्याशास्त्राचं प्रॅक्टिकल घेतलं. शून्य, एक, दोन, तीन अशा मोजून आलेल्या आकड्यांवर मॉडेल बसवायचं, आणि ते खरंच बसलं का, हे आलेख काढून तपासायचं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, एकदा बसवलं की पुन्हा तपासायचं कशाला? तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुमची चेष्टा लेकीला अशी मधेच ऐकू येते. पोरांना सरावासाठी आकडे हवे होते, म्हणून माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाची फाईल उघडली. तुमच्या तापाच्या रजिस्टरांची.

तुम्ही मलेरियाचे आरोग्य सेवक. काचपट्ट्यांची डबी पिशवीत टाकून कुरवंड्यात घरोघर जायचात, ताप आलेल्याच्या बोटातून रक्त घ्यायचात आणि दाराशेजारी भिंतीवर तारीख टाकून सही करायचात. माझ्यासाठी साहेबांच्या विनवण्या करून शेजारच्या गावांचीही रजिस्टरं आणलीत. जेवणं झाली की स्वयंपाकघरातच बसायचो, तुम्ही वाचताय, मी आकडे भरतेय. तुमच्या पानांवर मधेमधे 'बंद' लिहिलेलं. इथे शून्य टाकते, असं मी म्हटलं आणि तुम्ही कधी नव्हे ते चिडलात.

"घर बंद असलं की शून्य न्हाई लिवायचं. आत ताप हाय का न्हाई, आपल्याला काय ठावं? सांजच्याला परत जायचं."

बाकीच्या रजिस्टरांत 'बंद' असं कुठेच नव्हतं. सगळीकडे शून्यंच शून्यं, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. सॉफ्टवेअर आपणहून देतं तो एकच आलेख मी काढला. सगळी गावं खाली गोळा झालेली, कुरवंडं एकटं वर. प्रकल्पाचे सर म्हणाले, हे एक गाव सगळं मॉडेल बिघडवतंय. मी ते काढून टाकलं. मॉडेल झकास बसलं, पहिला वर्ग मिळाला.

बाइंड केलेली प्रत तुम्ही हात धुऊन, पंच्याला पुसून हातात घेतलीत. इंग्रजी मजकूर कळत नव्हता, पण गावांची नावं वाचता येत होती. बोट फिरवत शेवटपर्यंत गेलात.

"समदी गावं हायेत. आपलं कुरवंडं कुटंय?"

ते फार वेगळं पडत होतं, बहुतेक नोंदी चुकल्या असतील, असं मी सांगून टाकलं. तुम्ही प्रत मिटलीत.

"मी तर समद्या घरी गेलतो."

पुढे पाहुण्यांना पोरीचा पहिला वर्ग कौतुकाने सांगायचात, पण ती प्रत कुणाला दाखवली नाहीत.

आज मी तुमचं गाव परत आत घेतलं, सगळे आलेख मागवले आणि ठिपक्यांना नावं द्यायलाही सांगितलं. एका आलेखात मॉडेलला किती शून्यं अपेक्षित होती आणि नोंदीत किती आहेत, हे शेजारी शेजारी दिसतं. नोंदीतल्या शून्यांची पट्टी पार वर गेलेली. आठवडे पाहिले, तर सगळ्यात जास्त शून्यं भातलावणीतली. त्या दिवसांत मावळात दिवसा घरात माणूस सापडतो का, भाऊ? बंद दारावरून बाकीच्या गावांचे सेवक परतले होते आणि शून्य लिहून मोकळे झाले होते. संध्याकाळी परत जाणारे तुम्ही एकटे.

टाकवे गावच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, हा कुरवंड्याचा ठिपका लय बाजूला पडतोय. काढू का?"

नको म्हणाले. बंद घराचा नियम समजावून सांगितला, फक्त तो कुणाचा हे सांगता आलं नाही. आता हा कागद त्याच प्रतीत ठेवून देणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? मघाशी मी सगळं आलेखामुळे कळल्यासारखं लिहिलं, पण ते तितकंसं खरं नाही. तुमच्या नोंदी चुकलेल्या नाहीत, हे गाव काढून टाकलं त्या दिवशीही मला माहीत होतं, भाऊ. मला पहिला वर्ग हवा होता.